रजेचा अर्ज

जठारपेठेतल्या साडीच्या दुकानात मी आणि माझी एक सोबतीण शेजारशेजारच्या काउंटरवर उभ्या असतो. गिऱ्हाइकालाही ती तोंडावर सांगते, "हा रंग तुमाले शोभत नाई, बाई."

मागच्या आठवड्यात ती डेंग्यूने दवाखान्यात होती. मालकांनी फोनवर बजावलं, "अर्ज स्वतः आणून दे, तरच रजा."

तासाभरात ती रिक्षाने आली. सलाईनची सुई हातावर तशीच चिकटवलेली होती. तो हात तिने मालकांच्या टेबलावर ठेवला.

"पाहून घ्या. मी आली कशीतरी. उद्या एखादी रस्त्यातच मरन, तिचा अर्ज कोन आनन?"

मालकांनी अर्जावर सही केली. दुकानातल्या आम्ही बाकीच्या पाचजणी खाली मान घालून साड्यांच्या घड्या घालत राहिलो. तिला धरून रिक्षात बसवायलाही कुणी हललं नाही. मीसुद्धा नाही. त्याचा संताप अजून येतो, आणि तो फक्त मालकांवरचा नाही.