नानांची भाजीची पिशवी

देवपूरच्या व्यसनमुक्ती केंद्रात नवा पेशंट आला, की डॉक्टर त्याला किती पितोस ते विचारत. स्वयंपाकघर सांभाळणारे नाना मात्र भलतंच विचारत, "घर भाजीपाला कोन लई येस?" मी दाखल झालो तेव्हा मलाही विचारलं. मला वाटलं, स्वयंपाक्याला दुसरं काय सुचणार! मी ऐटीत सांगितलं, बायको आणते. नानांनी नुसती मान हलवली.

अर्थ कळायला महिना लागला. माणूस प्यायला लागला, की घरचे आधी त्याच्या हातात पिशवी देणं बंद करतात, असा नानांचा सिद्धांत होता. भांडण, मारझोड, माहेरी जाणं हे सगळं त्यानंतरचं. ऐकलं आणि मला आठवलं, मला शेवटची पिशवी मिळून चार वर्षं झाली होती.

सुटी व्हायच्या आधी प्रत्येकाला नाना एकट्याला बाजारात धाडत. वाटेत दारूचं दुकान होतंच. मलाही भरताची वांगी आणायला पाठवलं. दुकानासमोर माझे पाय अडकले, खोटं कशाला बोलू? पण वांगी घेऊन आलो. नानांनी फक्त वांगीच तपासली आणि दोन किडकी निघाली म्हणून मला झापलं.

एक कोडं मात्र सुटेना. एके काळी स्वतःही पिणारा, पण आता नऊ वर्षं थेंब न घेतलेला हा माणूस स्वतः कधीच बाजारात जात नसे. निघताना विचारलंच. नाना मिरच्या भाजत होते. म्हणाले, "तुमनी मले खातरी शे. मनी मले नही."

मागच्या महिन्यात कळलं, की एक दिवस पाठवण्याजोगा कोणी पेशंट नव्हता, म्हणून नाना स्वतः गेले आणि दोन दिवस परतलेच नाहीत. मी जळगावहून तडक निघालो. नाना वॉर्डातल्या खाटेवर होते, तोंड भिंतीकडे करून. मी शेजारी बसलो.

"भाऊ, आज मना तिसरा दिन शे," ते म्हणाले. न पिण्याच्या हिशेबात मागची नऊ वर्षं त्यांनी धरलीच नव्हती. मला रडू आलं.

मग त्यांनी विचारलं, आज थांबशील का? मी बायकोला फोन केला, आज घरी येत नाही म्हणून. पूर्वी माझ्या असल्या फोनवर ती काही न बोलता फोन ठेवून द्यायची. या वेळी तिने एकच विचारलं, "नाना जेवले का?"