जोडीची कार्डं

अकोल्याचं घर रंगवायला काढलं तेव्हा माळ्यावरच्या डब्यात माझी लहानपणची क्रिकेटची कार्डं सापडली. बबलगम घेतलं की दुकानदार गठ्ठ्यातलं एक कार्ड द्यायचा, ती ही. फोटो मोबाईलवर टाकले, तर अमरावतीहून एका संग्राहकाचा फोन आला. त्याला प्रत्येक खेळाडूचं एकेकच कार्ड हवं होतं. माझ्याकडे मात्र बरेच खेळाडू दोनदोनदा होते.

कार्डं बाबा आणायचे, संत्र्यांच्या व्यापारासाठी शेंदूरजनाघाटला गेले की. त्यांना क्रिकेट कळत नाही म्हणून तेच तेच उचलतात, असं मला वाटायचं.

संध्याकाळी मी त्यांना म्हणाले, "विकू का?"

"इकून टाक. काहून ठेवतं?"

"पण तुम्ही तेच तेच काहून आणत होते?"

ते हसले. "मीच सांगत होतो दुकानदाराले, जोडीनं दे म्हणून. आपण गल्लीत नवे होतो. पोट्टे तुले खेळाले घेत नव्हते. तुयाजवळ जास्तीचं असलं, त अदलाबदलीले तरी कोणी येईन ना!"

आले होते. आधी कार्डांसाठी, मग मला खेळायला बोलवायला. त्यातला एक तर गेल्या वर्षी माझ्या लेकीच्या लग्नात पंगतीत वाढत होता.

संग्राहकाला मी कळवलं, सुटी आहेत ती न्या, जोडीची द्यायची नाहीत. बाबांना ते पटलं नाही. "दोन दोन ठेवून काय करतं आता?" ते पुटपुटले. मी वाकून त्यांच्या पाया पडले, तेव्हा मात्र गोंधळून म्हणाले, "आता हे काहून?"