अंगणातलं पेव आणि रात्रभर फिरलेलं जातं

कॉलेजात पोरं माझ्यामागे मला 'कारणे-परिणाम मॅडम' म्हणतात. प्रादेशिक सशस्त्र संघर्षांचा पेपर मी शिकवते आणि फळ्यावर दोन रकाने आखल्याशिवाय माझा तास सुरू होत नाही. दूरदूरच्या देशांतली युद्धं शिकवून झाली, पण आपल्याच मराठवाड्यात निजामाचं राज्य संपताना काय झालं, हे ऐकायला मी कधी गेले नव्हते. या हिवाळ्यात सुट्टी लागली आणि पुण्याहून धाराशिवची एसटी पकडली.

उतरल्याबरोबर आधी गुलाबजामून खाल्ले. अभ्यास कुठे पळून जात नाही. मग माझी जुनी विद्यार्थिनी शबाना मला तिच्या घरी घेऊन गेली. तिच्या आजी जैतूनबी खिडकीशी बाजेवर बसल्या होत्या. सगळे त्यांना दादी म्हणतात, म्हणून मीही म्हणाले. इथे हिंदू घरांत त्या दिवसांना 'रझाकारात' म्हणतात, मुसलमान घरांत 'पोलीस ॲक्शनमध्ये'. दादींना विचारलं, तुम्ही काय म्हणता?

"आमी काहीच म्हनत न्हाय," त्या म्हणाल्या.

पण चहा झाल्यावर आपणहून बोलू लागल्या. त्यांचं गाव अणदूरजवळचं; दुसऱ्या दिवशी मी तिकडेच जाणार होते. बाहेरची हत्यारबंद माणसं मुसलमानांच्या घराघरांत शिरायला लागली, तेव्हा शेजारणीनं यांना आपल्या अंगणातल्या पेवात (धान्य साठवायला जमिनीत खणलेला खोल खड्डा) उतरवलं. आई, लहानगी जैतून आणि तापानं फणफणलेला तान्हा भाऊ. वरून दगडी झाकण. हे झाकण आतून उघडत नाही.

"दिस मावळला की काढते म्हनली. काढलं दुसऱ्या दिवशी, ऊन वर आल्यावर. भाऊ तवर गेला होता." दादींचा आवाज शांत होता. "रातभर डोक्यावर जात्याची घरघर चाललेली. आमी खाली मरत होतो अन् ती वर दळत बसली होती. तुम्ही तिकडं जाताय तर तिच्या लेकाला, गुंडाप्पाला, एवढंच इचारून या. का दळत बसली होती?"

शबाना माझ्याकडे बघतच राहिली. तिनं हे पहिल्यांदाच ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळजापूरला बस बदलली. पुढे दोन्ही बाजूंना शाळू (रब्बीची ज्वारी) कमरेएवढा झालेला. बघण्यात गुंगले आणि एक फाटा आधीच उतरले. कंडक्टरनं घंटी मारली, बस गेली, मी आणि माझी पिशवी रस्त्यावर. चालता चालता गवताचा भारा घेतलेली एक बाई भेटली.

"कुनाकडं निघालाव?"

"गुंडाप्पांकडं."

"त्या पेववाल्या म्हाताऱ्याकडं व्हय? पोरं अंगनात घर बांधू म्हनत्यात, म्हातारा पेव बुजवू देत न्हाय. लई हट्टी!"

हट्टी म्हाताऱ्यानं मला आधी जेवायला बसवलं. भाकरी, शेंगांची चटणी आणि वर तेलाची धार. थोरला मुलगा शेजारीच बसून कुरकुरत होता. सळ्या आणून पडल्यात, गंज चढतोय, नातवंडं एका खोलीत झोपतात. त्याचंही काही चूक नव्हतं. जैतूनबींचं नाव काढलं, तसा गुंडाप्पांचा घास हातातच राहिला. त्यांची आई आता नाही. त्या रात्री ते स्वतः जैतूनबींएवढेच होते. मी प्रश्न विचारला.

"अव्वानं (आईनं) झाकन घातलं अन् लगोलग ती मानसं अंगनात येऊन बसली. हालतच न्हवती. रातीला खाली लेकरू रडाया लागलं. अव्वानं जातं वढत आनून झाकनावरच मांडलं आन् बसली फिरवत. मानसं म्हनली, एवढ्या रातीचं काय दळतीस? तर म्हनली, तुमच्याच भाकरीला."

"मग?"

"जोंधळं पसाभर होतं. ते सपलं. मग रिकामंच फिरवलं, पार उजाडंपतूर. हात थांबला की खालनं रडनं ऐकू यायचं."

रिकामं जातं फिरवू नये, अशुभ असतं, हे माझ्या आईनंही मला बजावलेलं. गुंडाप्पांनी कोपऱ्यातल्या जात्याची वरची तळी उचलून दाखवली. आतले टाकीचे घाव घासून गुळगुळीत झाले होते. अव्वानं त्यावर पुन्हा कधी दळलं नाही.

"दादींना कधी सांगितलं नाहीत?"

"कुठल्या तोंडानं? त्यांचं लेकरू आमच्या दारात गेलं. अव्वा जाताना म्हनली, जैतूनला इचारल्याबिगर पेव बुजवू नगा. पर इचाराया जायलाबी तोंड लागतं की, ताई."

मला रडू आलं. पाहुणीनं पहिल्याच भेटीत रडणं बरं दिसत नाही, म्हणून चटणी तिखट आहे म्हणाले. मुलानं घाईनं पाणी आणून दिलं. सळ्यांचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

परतीच्या एसटीत सवयीनं वही उघडली, दोन रकाने आखले. ती घरघर कुठल्या रकान्यात लिहावी, ते काही सुचेना. इतकी वर्षं एकच आवाज झाकणाखाली एका अर्थानं ऐकू आला होता, झाकणावर दुसऱ्याच. वही मिटून मी खिडकीबाहेर बघत बसले.

धाराशिवला दादी वाटच बघत होत्या. मी ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. शबानानं चहा आणला, तो निवून गेला.

"रिकामं?" त्यांनी विचारलं.

"हो, दादी. उजाडेपर्यंत."

त्यांनी आपले दोन्ही तळहात उघडून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. "फोड आले असतील तिच्या हाताला," त्या म्हणाल्या. मग डोळे पुसून मला गुंडाप्पांना फोन लावायला सांगितलं. पलीकडून 'हॅलो, कोन?' एवढंच दोनदा ऐकू आलं.

"गुंडू, मी जैतून," दादी म्हणाल्या. "पेव बुजव रे. घर बांध. जातं तेवढं फेकू नको, मी न्यायला येते."