चाचांच्या नाकावर चाललेलं दुकान

तांदळाच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की आधी दाणा तोंडात टाकतं आणि मग बोलतं. तो चावून होईपर्यंत दुसरं कोणीतरी काहीतरी सांगत असतं. लक्ष्मीपुरीतल्या या दुकानात मी बारा वर्षं वजनकाट्यावर बसते. किती किस्से जमले असतील, तुम्हीच बघा.

*

दुकान दस्तगीरचाचांचं. त्यांचा नियम असा, की आधी थोडा नमुना न्या, शिजवा, आवडला तरच पोतं उचला. नाही आवडला तर शिजलेला भात डब्यातून आणून दाखवा.

पन्हाळ्याचे एक मास्तर डबा घेऊन तावातावानं आले. "चाचा, नुसता लगदा झालाय."

चाचांनी घास खाल्ला. "तांदूळ जुना हाय, मास्तर. पाणी कुणी घातलं?"

"मीच. ही माहेरी गेलीय."

"मग आधी त्यास्नी आणा, तांदूळ मागनं न्या."

*

शेवंताकाकींचा मुलगा जपानला असतो. "तिथं भात काड्यांनी खात्यात. मी म्हटलं, उचलतोस कसा? तर म्हणतोय, चिकट असतोय की." मग म्हणाल्या, "आमच्या सुनेचा आसा झाला की मी दिवसभर बोलते. आन ह्यो हाटेलात पैसे दिऊन खातोय!"

त्या दिवशी चिकट शिजणाऱ्या नव्या तांदळाची पिशवी त्यांनी मुकाट्यानं नेली.

*

गुजरीत सोनारकाम करणारे दोघं बंगाली भाऊ दर महिन्याला पोतंभर तांदूळ नेतात. चाचांनी एकदा विचारलंच, "खानावळ काढलाय काय?"

थोरला हसला. "चाचा, तुम लोग रोटी के बाद भात खाता है. हम लोग भात के बाद भी भात खाता है."

*

आता चाचांच्या नाकाचं सांगते. डोळे मिटून नुसत्या वासावर ते आजऱ्याचा सुवासिक घनसाळ तांदूळ ओळखायचे. दुकानाची पत त्यावरच होती. गेल्या पावसाळ्यात त्यांना ताप आला आणि वास येणंच बंद झालं. हे फक्त मला माहीत होतं. "सुमन, लोकांस्नी कळलं तर दुकान बंदच करायचं बघ," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

मग आम्ही खुणा ठरवल्या. माल आला की आधी मी हुंगायचे. घनसाळ असेल तर कानातलं चाचपायचं, भेसळ असेल तर पदर सारखा करायचा. चाचा ओंजळ नाकाशी नेऊन गंभीरपणे निकाल द्यायचे. सहा महिने कुणाला संशय आला नाही.

*

एके सकाळी गारगोटीच्या हौसाक्का पहिल्या एसटीनं आल्या. निम्म्या तालुक्याला तांदूळ त्यांच्या सांगण्यावरून जातो. त्यांनी डबा आपटला. "घनसाळ म्हणून दिलासा. वासच न्हाय की ह्याला! घ्या, तुमीच सांगा."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मला तीन दिवसांपासून सर्दी होती, नाक बंद. मी कानाला हात लावू की पदराला, काही सुचेना.

चाचांनी झाकण काढलं, डबा नाकाशी नेला आणि तसेच थांबले. मग पुन्हा हुंगलं. "आक्का," ते हळूच म्हणाले, "भात करपलाय."

हौसाक्का ओशाळल्या. "गाडीच्या गडबडीत जरा तळाला लागला."

"करपलाय, सुमन!" चाचा ओरडले. डोळे पुसत खाली बसले आणि आख्खा डबा खाल्ला, तळाची काळी खरवडसुद्धा.

हौसाक्कांनी रिकामा डबा पिशवीत टाकला. जाताना माझ्या कानाशी लागल्या, "ह्येंच्या घरात कोण जेवाय घालत न्हाय काय गं?"