याकोबरावांनी सांगून टाकलं

“सुई बॅगेत घाला, डाक्टर. माझ्या एकाबी मेंढराला हात लावायचा न्हाई.”

म्हाळू मामा काठी आडवी धरून कळपासमोर उभे होते. सत्तरीचा धनगर, पण काठी हातात घेतली की पस्तिशीचा दिसायचा. शेजारच्या गावात पीपीआर आला होता. पीपीआर म्हणजे शेळ्यामेंढ्यांची बुळकांडी. ताप येतो, नाक वाहतं, तोंडात चट्टे पडतात, मग हगवण लागते. एकदा कळपात शिरला की औषधाचा फारसा उपयोग होत नाही. आधी टोचलेली लस हाच इलाज. मामांच्या कळपात दीडशे जित्राबं, त्यात पन्नासेक कोकरं. रोग चार दिवसांत तिथं पोचला असता.

“मामा, अहो सरकारी लस आहे. फुकट आहे.”

“मागच्या बारीबी फुकटच व्हती. टोचली अन् म्हैन्यात चाळीस मेली. तुमी टोचली, मी पुरली.”

मी पाटोदा तालुक्यातल्या एका दवाखान्याचा पशुवैद्यकीय अधिकारी, नोकरीची बावीस वर्षं झालेली. मागच्या मरतुकीचा रिपोर्ट मीच लिहिला होता: लसीकरण होऊनही बुळकांडीनं मरतूक, कारण अनिश्चित. असं लिहिलं की वर कुणी काही विचारत नाही.

बरोबर याकोबराव होते, आमचे ड्रेसर. गाव त्यांना कंपाउंडर म्हणतं. जखमा बांधायच्या, जनावर धरायचं, बीडहून लस आणायची, ही त्यांची कामं. असा कुणी अडून बसला की एरवी तेच गोड बोलून मार्ग काढायचे. त्या दिवशी मात्र बर्फाचा बॉक्स पोटाशी धरून खाली बघत राहिले.

आम्ही हात हलवत परत निघालो. वाटेत एका लिंबाखाली त्यांनी गाडी थांबवायला लावली.

“साहेब, ती चाळीस मेंढरं माझ्यामुळं मेली.”

“काय बोलताय?”

“त्या टायमाला मी पीत व्हतो, तुमाला ठावं हाय. बीडहून लस घेऊन निघालो अन् वाटंत बसलो. बॉक्स गाडीच्या कॅरिअरला, उन्हात. उठलो तवा बर्फाचं कढत पाणी झालतं. दवाखान्यात आलो, नवा बर्फ भरला, बाटल्या फ्रिजात ठिवल्या. अन् गप बसलो.”

माझं डोकंच फिरलं. लस कारखान्यातून निघाल्यापासून जनावराच्या अंगात जाईपर्यंत थंडच राहिली पाहिजे. याला आम्ही कोल्ड चेन म्हणतो. ती एकदा तुटली की लस गेली, टोचूनही रोग अडत नाही. वाईट गोष्ट अशी की बिघडलेली लस दिसायला चांगल्या लसीसारखीच दिसते. रंग बदलत नाही, वास येत नाही. मी ती विश्वासानं टोचली होती.

तोंडाला आलं ते सगळं मी याकोबरावांना बोललो. राग ओसरल्यावर जे बोललो ते त्याहून वाईट. “हे पुन्हा तोंडातून काढू नका. मेंढरं परत येणार आहेत का? तुमची नोकरी जाईल. रजिस्टरवर सही माझी आहे, मीही गोत्यात येईन.”

आज हे लिहितानाही लाज वाटते.

याकोबरावांचं घर आजोबांपासून ख्रिस्ती. मामांची मेंढरं मेल्यावर त्यांनी दारू सोडली आणि दर रविवारी चर्चला जायला लागले, एवढं मला माहीत होतं. पुढचं त्यांनी लिंबाखाली सांगितलं. चर्चमध्ये महिन्यातून एकदा प्रभुभोजन असतं. येशूच्या बलिदानाची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस घ्यायचा. त्याआधी माणसानं स्वतःचं मन तपासायचं. कुणाचं वाईट केलं असेल तर आधी त्याच्याकडे जाऊन यायचं. आठ महिने याकोबराव शेवटच्या बाकावर बसून ताट तसंच पुढं सरकवत होते. अखेर पास्टरांनी विचारलंच.

“मी समदं सांगितलं. पास्टर म्हणले, तू रडलास त्याच दिशी प्रभूनं तुला पदरात घेतलं. पण म्हाळू मामाला अजून ठावंच न्हाई की त्येला कुणाला माफ करायचंय.”

“देवानं माफ केलं ना? मग मिटलं की! आता काहून उकरायचं?” रागात माझ्याही तोंडी गावची भाषा आली.

“माफ केलं म्हणून तर जायचं धाडस व्हतंय, साहेब. न्हाईतर जलमभर तोंड लपवलं असतं.”

मी देवधर्मातला माणूस नाही. माफी मिळाली की माणूस सुटला, एवढाच माझा हिशेब. हा गडी माफी मिळाल्यावर गुन्हा कबूल करायला निघाला होता. मी गाडी वळवली.

मामा अजून तिथंच होते. याकोबराव त्यांच्यापुढं उभे राहिले आणि सगळं सांगितलं. दारू, ऊन, बर्फ, काहीच राखलं नाही. मामांनी काठी उगारली. याकोबराव जागचे हलले नाहीत. काठी तशीच हवेत राहिली आणि हळूच खाली आली. मामा कळपाकडं वळले.

“म्हंजी सोपाननं कायबी केलं नव्हतं.”

सोपान त्यांचा धाकटा भाऊ. चराईवरून दोघांचं वाजलं होतं. त्यात लस टोचूनही मेंढरं मेली, तेव्हा मामांनी चारचौघांत सोपाननं करणी केली म्हणून बोंब मारली. सोपान आपला कळप घेऊन डोंगरापलीकडे गेला तो गेलाच.

मग याकोबरावांकडं वळून मामा म्हणाले, “याकोबा, तुला माफ केलं असं म्हणवत न्हाई आज. लई जीव लावलता मेंढरांन्ला.”

“न्हाई म्हणलं तरी चालंल, मामा.”

मामांनी बॉक्स उघडायला लावला, आत हात घालून बर्फ चाचपला. “गार हाय. टोचा.” आम्ही दीडशेही टोचून काढली. शेवटचं कोकरू सोडल्यावर मामांनी याकोबरावांना बाजूला घेतलं.

“मला सोपानकडं जायचंय. पयलं काय बोलायचं असतंय रं? तुझी जीभ कशी उचलली?”

“पयलं, चूक माझी हाय म्हणायचं. कारणं सांगायची न्हाईत.”

“मला न्हाई जमणार. तू चल संगं.”

दुसऱ्या सकाळी याकोबराव मामांना आपल्या गाडीवर घेऊन डोंगरापलीकडे गेले. सोपाननं आधी बराच वेळ उन्हात उभं ठेवलं, मग घोंगडी अंथरली. त्याच्या पुढच्या दिवशी आम्ही त्याचाही कळप टोचला. रोग शेजारच्या गावातच थांबला.

मी नवा रिपोर्ट लिहिला. वरिष्ठांचा फोन आला. “आठ महिन्यांनी हे उकरायला कुणी सांगितलं?”

“आमच्या ड्रेसरनी, साहेब.”

याकोबराव काही महिने निलंबित झाले. मला ठपका मिळाला. निलंबनात असतानाच त्यांनी शेवटच्या बाकावर बसून प्रभुभोजन घेतलं. मामांनी ‘माफ केलं’ असं तोंडानं कधीच म्हटलं नाही. मेंढरं कातरायच्या दिवशी मात्र धरायला म्हणून याकोबरावांनाच बोलावून नेलं.

चूक झाकायचा मला बावीस वर्षांचा अनुभव होता. सांगायची कशी, ते माझ्या ड्रेसरनं दाखवलं.