गव्हाणीवरचा झेंडा

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. जन्मभर झेडपीच्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले, आवाज मोठा होणारच. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी, नाताळच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या मी "हे कोणी लावलं?" असं विचारलं, ते बाहेर चपला काढणाऱ्यांनाही ऐकू गेलं.

आमचं गाव राहुरीपासून जवळच. सगळीकडं ऊस, मधूनमधून फळबागा. ख्रिस्ती घरं मोजकीच आहेत, पण पणजोबांच्या काळापासूनची. नाताळात चर्चच्या पुढच्या कोपऱ्यात कडबा आणि उसाचं पाचट लावून आम्ही बेथलेहेमचा गोठा करतो. तो काय, सगळेच करतात. आमची रीत एवढीच वेगळी, की आमच्या गव्हाणीत बाहुली ठेवत नाहीत. मंडळीतलं सर्वांत लहान, खरंखुरं लेकरू ठेवतात. जन्माचा अध्याय वाचणारा 'बाळाला गव्हाणीत ठेवले' या वाक्याशी आला, की मी ते लेकरू घेऊन पुढं जाते आणि गव्हाणीत निजवते. हे काम माझ्याकडं, कारण मुलांचं नाटुकलं बसवणारी मीच, आणि बाईंच्या हातात लेकरू रडत नाही असा लोकांचा समज आहे. समज साफ खोटा आहे. ठणाणा करतात! पण आज लग्नाला आलेली कितीतरी पोरं माझ्या हातून त्या गव्हाणीत निजलेली आहेत.

त्या वर्षीचं लेकरू म्हणजे माझ्या सख्ख्या भावाचा नातू. आणि गोठ्याच्या छपरावर, कागदी चांदणीच्या बरोबर खाली, इस्रायलचा झेंडा लावलेला होता. पांढरा, निळ्या पट्ट्यांचा, चांगली इस्त्री केलेला.

"मी लावलाय, अक्का," भाऊ म्हणाला.

भाऊ माझ्यापेक्षा धाकटा. चर्चच्या पंच कमिटीचा प्रमुख आणि डाळिंबाचा बागायतदार. जन्माचा अध्याय दरवर्षी तोच वाचतो. आवाज आमच्या घराण्यातच आहे. काही वर्षांपूर्वी बागायतदारांच्या एका गटाबरोबर तो इस्रायलला जाऊन आला होता, ठिबक बघायला. परत आला तो वेगळाच होऊन. पाण्याचा थेंब कसा वाचवतात, हे जेवताना सांगायचा, मयतीत सांगायचा. तिकडं एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं होतं, बागेत हिंडवलं होतं, निघताना हा झेंडा दिला होता. नंतर फोनवर दोघं बोलायचे. काय बोलायचे देव जाणे, कारण दोघांचंही इंग्रजी यथातथाच. "हॅलो, ट्री गुड? वॉटर गुड?" एवढ्यावर त्यांची मैत्री चालली होती.

मग त्या ऑक्टोबरात तिकडं हल्ला झाला. माणसं घरात घुसून मारली, ओलीस धरून नेली. त्यानंतर गाझावर बॉम्ब पडायला लागले ते थांबेनात. आमच्या गावात टीव्ही सकाळपासून तेच दाखवायचा, मोबाईलवर तेच. चहाच्या टपरीवर लोक असे भांडायचे, जसं काही गाझा म्हणजे आपल्या पलीकडचा तालुका आहे.

चर्चच्या मागच्या ओट्यावर मी भावाला गाठलं. "काढ तो," मी म्हटलं. "गोठ्याला कसला आलाय झेंडा?"

"अक्का, त्याचा फोन लागत न्हाई." त्याचा चेहरा पार पडला होता. "त्या दिवसापासून लावतोय. मेला का जिता हाय, कळंना. त्याच्यासाठी लावलाय."

"मग त्याच्यासाठी प्रार्थना करू ना! त्याचं नाव मी स्वतः घेते, मोठ्यानं घेते. पण तिकडं ढिगाऱ्याखालून लेकरं काढताहेत, ती पण कोणाची तरी आहेत ना? आपण इथं गव्हाणीत लेकरू निजवणार आणि वर एका बाजूचा झेंडा? मला नाही जमायचं."

"ज्यांनी सुरू केलं त्यांना सांग."

"लेकरांनी सुरू केलं?"

"तू टीचरगिरी करू नको!" तो एकदम चढ्या आवाजात बोलला. "माझा नातू हाय. त्याच झेंड्याखाली निजंल. तू ठेवणार नसशील तर दुसरं कोणी ठेवील."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की काय सांगू. पण खरं सांगायचं तर रागापेक्षा भीती जास्त वाटली. आईवडील गेल्यापासून आम्ही दोघंच उरलोय. त्या लेकराला गव्हाणीत मीच ठेवायचं, हे त्याच्या जन्माआधीपासून ठरलेलं होतं. सुनेला पहिल्यांदा उलटीचा त्रास झाला तेव्हाच भाऊ म्हणाला होता, "अक्का, यंदा आपल्या घरचं लेकरू." ते माझ्या हातून जाणार की काय, या विचारानं मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता दुसरी अडचण. ती लाकडी गव्हाण आमची नाही. आमच्या मुसलमान शेजारणीची आहे. मी तिला भाभी म्हणते, ती मला बाई. तिचा नवरा शेळ्यांचा व्यापारी, घोडेगावच्या बाजारात दर आठवड्याला जाणारा. त्यांच्या वाड्यातल्या शेळ्यांची गव्हाण आणि मेंढपाळांच्या प्रवेशासाठी दोन करडं दरवर्षी तिच्याकडूनच येतात. तशी ती नाटुकलं बघायलाही येते, मागच्या दाराशी करडं धरून बसते आणि मुलं वाक्यं विसरली की सगळ्यांच्या आधी हसते.

मी गव्हाण आणायला गेले, तर भाभी चुलीपुढून उठली नाही.

"झेंड्याचं समजलं मला," ती म्हणाली. "गव्हाण न्हाई देत."

"भाभी, मी भांडतेय त्यावरून. काढायलाच लावणार आहे."

"काढू नगा. त्येच्या शेजारी आमच्या लोकांचा, पॅलेस्टाईनचा बी लावा. मग घेऊन जा गव्हाण, करडं, काय पायजे ते."

"नाही," मी म्हटलं. "तो पण नाही."

"का? मेलेली लेकरं कोणाची हायेत?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हातात उलथनं. "रोज बघती मी मोबाईलवर. घास जात न्हाई."

"मलाही जात नाही. म्हणून तर म्हणते, गोठ्यावर कोणाचाच झेंडा नको. एक लावला की दुसरा लावायचा, मग लेकरू राहिलं बाजूला आणि आपण झेंडेच मोजत बसू."

"तुमाला सगळ्यांशीच भांडायचंय," भाभी म्हणाली आणि भाकरी उलटली. मी रिकाम्या हातानं परत आले. वा रे वा! भाऊ म्हणतो मी पलीकडची, भाभी म्हणते मी अलीकडची.

मग पाळकसाहेबांनी पंच कमिटीची बैठक बोलावली, आणि कमिटीच्या बैठकीला सगळी मंडळीच जमली. पाळकसाहेब तरुण आहेत, भांडणाला घाबरतात. "चर्चमध्ये राजकारण नको," असं म्हणाले.

"अगदी बरोबर," मी म्हटलं. "झेंडा काढा."

"पण काढला तर ते राजकारण होईल ना, बाई. तो आता लागलाय."

कपाळ माझं! मग सगळेच बोलायला लागले. एक निवृत्त पोस्टमास्तर उठून म्हणाले, इस्रायल म्हणजे देवाची निवडलेली प्रजा, पवित्र शास्त्रात पानोपानी आहे, त्यात चर्चा कसली. नगरला कॉलेजात शिकणारी एक मुलगी म्हणाली, काका, आजच्या बेथलेहेममध्ये पॅलेस्टिनी राहतात, त्यांच्यात आपल्यासारखे ख्रिस्तीही आहेत, आणि त्यांनी यंदा दुःखामुळं रोषणाईसुद्धा केलेली नाही.

"तू मोबाईल बघून शिकलीस," पोस्टमास्तर म्हणाले.

"तुम्ही टीव्ही बघून शिकलात," ती म्हणाली. मला तिचा असा अभिमान वाटला! माझीच विद्यार्थिनी.

पण सगळ्यात खरं बोलली ती माझ्या शेजारी बसलेली एक बाई, आणि तेही माझ्या कानात. "राहू द्या ना, बाई. तो झेंडा असला की गावात कोणी आपल्याला वाकडं बोलत नाही. उलट चांगलं म्हणतात." ती घाबरून बोलत होती. तिचं चुकीचं नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. आपण बरे दिसावं म्हणून दुसऱ्याच्या लेकरांकडं पाठ फिरवायची, असा गोठा मला नको होता. मी उभी राहिले.

"सगळ्यांनी ऐका," मी म्हटलं. "लेकरू मीच घेऊन येणार. पण झेंड्याखाली ठेवणार नाही. हातात घेऊन उभी राहीन. आताच सांगते, म्हणजे ऐन वेळी कोणी म्हणू नये, की बाईंनी तमाशा केला."

दुसरं कोणी ठेवील, असं भाऊ पुन्हा म्हणाला नाही. पण झेंडाही काढला नाही. आम्ही दोघं एकाच आईचे, हट्टाच्या बाबतीत कोणी उन्नीस-बीस नाही.

नाताळच्या सकाळी चर्चच्या पायरीवर गव्हाण आणून ठेवलेली होती, धुऊन, पुसून. भाभी करडं घेऊन मागच्या दाराशी बसलेली. मी जवळ गेले तर तोंड फिरवून म्हणाली, "लेकरासाठी आनलीय. तुमच्यासाठी न्हाई." मी म्हटलं, चालेल.

नाटुकलं ठीक चाललं. एक देवदूत पंख अडकून पडला, मेंढपाळांची करडं पाचट खायला लागली, नेहमीचंच. मग भावानं अध्याय वाचायला घेतला. सून पुढं आली आणि तिनं लेकरू माझ्या हातात दिलं. आत्याआजीच्या हातात गुपचूप पडून होतं, झबल्याच्या बाहीत मूठ लपवून.

भाऊ नेमक्या जागी आला. मी गोठ्यापर्यंत चालत गेले आणि उभी राहिले.

तो थांबला. ते वाक्य त्यानं पुन्हा वाचलं. मी उभीच. त्यानं तिसऱ्यांदा वाचायला सुरुवात केली आणि आवाज मधेच चिरकला.

"ठेवा की, बाई!" मागून कोणीतरी ओरडलं.

"अजिबात ठेवू नका!" ही कॉलेजातली मुलगी.

झालं! बाकावरची माणसं उठली, पोस्टमास्तर हातवारे करायला लागले, पाळकसाहेब "शांती, शांती" म्हणत त्या गोंधळात आणखी भर घालायला लागले. त्या आवाजानं लेकरू दचकलं आणि त्यानं जो टाहो फोडला! माझे हात भरून आले होते. सून रडवेली झाली होती. मला वाटलं, आपण हरलोय, हे पोरगं असं आक्रोश करतंय आणि आपण तत्त्वाला धरून बसलोय. पण तरी वाकावंसं वाटलं नाही. वाकले असते तर पुढच्या वर्षी कुठलं तोंड घेऊन मुलांना मेंढपाळ केलं असतं?

भावानं शास्त्र बंद केलं आणि तो खाली आला. मला वाटलं, हा आता लेकरू माझ्याकडून काढून घेणार. मी आणखी घट्ट धरलं. तो माझ्याकडं आलाच नाही. झेंड्याकडंही बघितलं नाही. सरळ गोठ्यात वाकला आणि त्यानं गव्हाण दोन्ही हातांनी धरून ओढायला सुरुवात केली. फरशीवर लाकूड असं करकरलं की सगळे जागच्या जागी थिजले.

"गव्हाण माझी हाय!" मागच्या दारातून भाभी ओरडली. "सांभाळून वढा!"

कोणीतरी हसलं. भावानं गव्हाण ओढत ओढत मधल्या वाटेवर आणली, दोन्ही बाजूंच्या बाकांच्या मधोमध, जिथं वर चांदणी नव्हती आणि काहीच नव्हतं. कडब्याचं अंथरूण हातानं नीट केलं. तो शहाणा माणूस असल्याचं एवढंच लक्षण मी आठवड्याभरात बघितलं.

"इथं ठेव," तो म्हणाला.

मी लेकरू ठेवलं. ते लगेच शांत झालं, असं म्हणणार नाही. बरंच रडलं. सून शेजारी बसून थोपटत राहिली.

आता मी भावाला दिलेला शब्द बाकी होता. मी डोळे मिटले आणि माझ्या शाळेतल्या आवाजात प्रार्थना सुरू केली. आधी त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं नाव घेतलं. तीन दिवस भावाच्या सुनेकडून घोकून घेतलं होतं, तरी जीभ अडखळली. तो जिवंत असेल तर त्याला राख, म्हटलं, आणि नसेल तर त्याच्या घरच्यांना धीर दे, जे ओलीस आहेत त्यांना घरी आण. भावाचं "आमेन" सगळ्यांच्या आधी आलं.

मग मी गाझातल्या लेकरांचं म्हटलं. ढिगाऱ्याखालच्या, उपाशी, आईबाप गेलेल्या. मागच्या दाराशी भाभीनं नाक ओढलेलं मला ऐकू आलं. बाकांवरून थोडी आमेनं आली, थोडी आली नाहीत. भावाचं आलं नाही.

मी डोळे उघडले नाहीत आणि पुढंही बोलले नाही. वर्गात उत्तर येईपर्यंत थांबायची मला सवय आहे. लेकरू मुसमुसत होतं. करडू बें बें करत होतं. मी थांबले.

आलं. अगदी हळू, पण माझ्या भावाचंच.