आफ्रिका, व्हाया दारव्हा

मधला एकही थांबा न गाळता गोष्ट सांगणारा माणूस जगाच्या पाठीवर एकच आहे, आणि देवाने तो नेमका माझ्या शेजारी आणून ठेवला. एसटीतून निवृत्त झालेले हे कंडक्टरकाका. बस सुटली, पण सवय काही सुटली नाही. घरचं दूध का नासलं हे सांगायलाही ते दिग्रसच्या स्टँडवरून निघतात. त्यांच्या मुलीचं लग्न कसं जमलं ही गोष्ट मी कितीदा तरी ऐकली आहे. पण दरवेळी आर्णीच्या आसपास माझ्या दुकानात गिऱ्हाईक यायचं, त्यामुळे जावई कुठला हे मला कळलंच नव्हतं. "काका, मुद्द्याचं सांगा" म्हटलं की दुखावल्यासारखे बघत. "थांब्यावर लोकं उभे असते ना बाप्पा. त्यायले सोडून कसा जाऊ?"

काका ख्रिस्ती. ढोलकीवर त्यांचा हात असा, की कधी चर्चची पायरी न चढलेली माझी बायकोही रविवारी खिडकी उघडी ठेवते. त्या ढोलकीपायीच नागपूरच्या मिशनवाल्यांनी त्यांना आफ्रिकेत नेलं, मलावीला. ते निघाले तशा इथल्या चर्चमधल्या बायकांनी उपास धरले, काका आजारी न पडता परत यावेत म्हणून. त्यात सगळ्यांच्या पुढे तांड्यावरची एक म्हातारी. तिला सारेच याडी म्हणतात, म्हणजे आई. नातवाच्या तापालाही तिने कधी एवढे उपास धरले नव्हते असं तिची सूनच सांगत होती.

काका परतले आणि भर चैत्रात स्वेटर घालून माझ्या औषधाच्या दुकानात आले. "ढोलकीनं हात दुखून राह्यले. एखादी गोळी दे." गोळी देताना हाताला हात लागला. तापलेला तवा बरा! तिकडचा मलेरिया मेंदूत शिरला तर माणूस हातचा जातो, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि आत्ताच्या आत्ता रक्त तपासायला चला म्हणालो.

"आज नाही. उद्या चर्चमधे साक्ष द्याची हाय. प्रभूनं धडधाकट वापस आणलं, असं सांगतो सगळ्यायले. आता ताप निघाला तं बाया म्हणतीन, आपल्याच प्रार्थनेत खोट होती. याडी तं जेवाची नाही."

मी रागावलो, हात जोडले, बायकोला मध्ये घातलं. शेवटी एवढंच पदरात पडलं की साक्ष संपली की थेट दवाखाना. दुसऱ्या दिवशी चर्चच्या दाराशी ऑटो उभा करून मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. साक्ष कोण देणार आहे, हे मात्र मी साफ विसरलो होतो.

काका उभे राहिले. "दिग्रसच्या स्टँडवर आलो, तं यवतमाळ गाडी लागलीच होती..."

मी घड्याळात बघितलं. दारव्ह्याला चहा झाला. यवतमाळला छत्री हरवली आणि सापडली. काकांचे दात वाजत होते, ते पार मागे ऐकू येत होतं. बायकांना वाटलं, भरून आलंय. त्या डोळे पुसायला लागल्या. कळंब गेलं, देवळी गेली. वर्ध्याला काकांनी टेबल घट्ट धरलं. अजून नागपूर होतं, मुंबई होती, त्यानंतर सबंध समुद्र! बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता.

"वर्धेहून निघालो..." काका थांबले. "निघालो, तं दारव्हा आलं."

काकांचा थांबा चुकला! सबंध आयुष्यात पहिल्यांदा. मी उठेपर्यंत याडी उठली होती. काठी टेकत ती पुढे गेली आणि तिने काकांच्या कपाळाला हात लावला.

"पोरा, भट्टीवानी तापून राह्यला तू. सांगतलं काहून नाही?"

"तू उपास धरलते ना, याडी. मी आजारी नको पडू म्हणून."

"मंग? तिकडं पडला असता तं मी कशी आली असती पाहाले? देवानं तुले पहिले आमच्यापाशी आणलं, मंग आजारी पाडलं. चाल, ऊठ."

काका लहान मुलासारखे तिच्या मागे ऑटोत जाऊन बसले. मलेरियाच निघाला. यवतमाळच्या दवाखान्यात काही दिवस फार वाईट गेले. डॉक्टर आमच्याकडे न बघता बोलायचे आणि याडी बाहेरच्या ओट्यावरून हलायची नाही.

काका वाचले. पण घरी आले ते अर्धे होऊन. दुकानाच्या ओट्यावर येऊन बसतात, रस्ता बघतात. आफ्रिकेचं विचारलं तर म्हणाले, "गेलो, आलो." जावई कुठला, तेही एका शब्दात सांगून टाकलं. घाटंजीचा. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते उत्तर मिळालं, आणि मला रडू यायचं बाकी राहिलं.

परवा राहवलं नाही. म्हटलं, "काका, आफ्रिकेला जाताना गाडी दारव्ह्याला थांबलीच नव्हती म्हणे?"

काकांनी मान वर केली.

"थांबते ना! कायले नाही थांबत?" ते जरा सावरून बसले. "पण दारव्हा मंग. पहिले दिग्रसचा स्टँड..."

तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं. मी त्याला जरा थांबायला सांगितलं.